एनएमएमएस: येत असलेले गुण का जातात? आठवीच्या मुलांनी या चुका टाळा

एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या आठवीच्या मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा. यंत्रमागावर किंवा विड्यांवर चालणाऱ्या घरात तिच्यामुळे नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये येणं ही मोठी गोष्ट आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींसाठी ५०) आणि शाळा सरकारी, महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित, एवढ्या अटींत सोलापूरच्या पूर्व भागातली आणि आसपासच्या तालुक्यांतली कितीतरी मुलं बसतात. यातल्या अनेकांचे गुण अभ्यास कमी पडल्यामुळे जात नाहीत. सराव परीक्षेच्या पद्धतीने झालेला नसतो आणि चुकलेली उत्तरं कुणी परत उघडून बघत नाही, तिथे ते जातात.

आधी हिशोब नीट समजून घ्या. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न, शालेय क्षमता चाचणीतही ९०. प्रत्येक पेपरला ९० मिनिटं. दोन्ही मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुणांना मूल पात्र ठरतं (अनुसूचित जाती-जमातींसाठी ३२ टक्के). पण ७२ म्हणजे निवड नव्हे. निवड जिल्ह्याच्या आणि प्रवर्गाच्या कोट्यातून, गुणानुक्रमे होते. म्हणून ‘पास होईल एवढं’ लक्ष्य ठेवून केलेली तयारी कमी पडते.

वेळ गणितात अडकते

शालेय क्षमता चाचणीत विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० प्रश्नांचं असतं. गणितात हुशार मूल नेमकं गणितच आधी धरतं, एका अडलेल्या उदाहरणावर पाच मिनिटं घालवतं आणि शेवटी इतिहास-भूगोलाचे सोपे प्रश्न न वाचताच राहतात. उलटा क्रम लावा: विज्ञान आणि समाजशास्त्राचे ७० प्रश्न ५० मिनिटांत, गणित ३० मिनिटांत, उरलेली १० मिनिटं सोडलेल्या प्रश्नांना. अडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाला प्रश्नपत्रिकेवर खूण करून पुढे जायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही ओळ कोरी सोडू नये. जे येत नाही तिथेही आधी दोन अशक्य पर्याय खोडावेत आणि मग उत्तरपत्रिकेवरचा गोल रंगवावा.

गोल भरताना

इथे होणारं नुकसान सर्वांत जास्त खटकतं, कारण उत्तर बरोबर आलेलं असतं. ३७वा प्रश्न सोडला, ३८व्याचं उत्तर ३७च्या ओळीत गेलं, की पुढची सगळी रांग सरकते. दर दहा प्रश्नांनंतर प्रश्नपत्रिकेवरचा आणि उत्तरपत्रिकेवरचा क्रमांक जुळवून बघायची सवय लावा. सगळे गोल शेवटी भरू असं म्हणणाऱ्या मुलाला एका गोलाला चार सेकंद धरले तरी ९० गोलांना सहा मिनिटं लागतात, आणि ती घाईची सहा मिनिटं असतात. एक पान सोडवलं की त्या पानाचे गोल भरून टाकावेत. गोल बॉलपेनने भरायचा असल्यामुळे खाडाखोड चालत नाही. व्हाइटनर किंवा ब्लेड लावलं की तो प्रश्न गेलाच समजा.

आणखी एक घोळ सहसा लक्षात येत नाही. सरावासाठी आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका सर्रास वापरतात. त्यात २० टक्क्यांपर्यंत प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात आणि दोन्ही गोल भरावे लागतात. एनएमएमएसमध्ये दोन गोल भरले की उत्तर बाद. त्या प्रश्नपत्रिका जरूर सोडवा, पण दोन पर्यायांचे प्रश्न आधीच काट मारून वगळा.

वाचनातल्या चुका

‘खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही?’ असं विचारलेलं असतं. पहिलाच पर्याय खरा दिसतो आणि मूल तोच भरून मोकळं होतं. नाही, चुकीचे, विसंगत, वगळून या शब्दांखाली पेनाने रेघ मारल्याशिवाय पर्यायांकडे जाऊच द्यायचं नाही.

घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी आणि शाळेत मराठीतून शिकणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांना विषय येतो, पण अनुक्रमे, समसंबंध, व्यस्त प्रमाण, निष्कर्ष असे प्रश्नातले शब्द अडतात. जुन्या प्रश्नपत्रिकांतून अशा पन्नासेक शब्दांची यादी करून वर्गात लावा. घरच्या भाषेत अर्थ सांगितला तर दोन आठवड्यांत फरक दिसतो.

अंकमालिकेत पहिल्या दोन पायऱ्या बघून नियम ठरवणं हीही वाचनाचीच चूक. २, ४, ८, १४, २२ यात सुरुवात दुपटीची वाटते. फरक मांडले की २, ४, ६, ८ मिळतात, म्हणून पुढची संख्या ३२. पर्यायांत ४४ दिसला की घाईचं मूल तोच उचलतं.

रोज पेपर, तपासणी नाही

दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज एक पेपर घ्यायचा आणि फक्त बेरीज सांगायची, ही पद्धत आमच्या मते निरुपयोगी आहे. आठवड्याला दोनच घ्या आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक चुकीपुढे मुलाकडूनच अक्षर लिहून घ्या: ‘न’ म्हणजे येतच नव्हतं, ‘वा’ वाचनात चूक, ‘गो’ गोल भरण्यात, ‘वे’ वेळ पुरला नाही. ‘न’ जास्त आले तर पुस्तकाकडे परत जायचं. सातवीची पुस्तकं बहुधा रद्दीत किंवा धाकट्याकडे गेलेली असतात, ती आधी मिळवा, कारण प्रश्न सातवी-आठवी दोन्हींवर येतात. ‘वा’ आणि ‘गो’ जास्त असतील तर नवीन धडे शिकवून काहीही होणार नाही, वरच्या सवयीच पक्क्या कराव्या लागतील.

घरात माग चालू असेल तर सलग ९० मिनिटांची बैठक तिथे जमत नाही. ती शाळेतच घ्यावी, शनिवारी किंवा रविवारी, दोन्ही पेपर एकाच दिवशी. पहिल्या पेपरनंतर दमलेलं डोकं दुसऱ्यात किती चुकतं हे तेव्हाच कळतं. मधल्या सुट्टीत आधीच्या पेपरची उत्तरं ताडून बघू देऊ नका; डबा खाऊन थोडं फिरून यायला सांगा.