बीकॉम झालंय, आता काय शिकू? आधी जाहिराती मोजा

टॅली करू, जीएसटी करू का सरळ अ‍ॅडव्हान्स एक्सेल, हे क्लासवाल्याला विचारलं तर तो त्याच्याकडे जो कोर्स आहे तोच सांगणार ना. त्यापेक्षा नोकरी देणारे काय मागतायत ते बघा, फुकटात कळतं.

एकच शहर धरा, समजा पुणे. नोकरी डॉट कॉम, इनडीड, अपना, जिथे जमेल तिथे शोधा, पण नुसतं 'अकाउंटंट' टाकून थांबू नका, तेच काम 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह', 'अकाउंट असिस्टंट', 'बिलिंग' अशा नावांनीपण असतं. पन्नासेक जाहिराती गुगल शीटमध्ये घ्या, एका ओळीत एक: तारीख, एरिया, अनुभव, पगार आणि शेवटच्या रकान्यात जाहिरातीचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा पेस्ट. एकच जागा तीन कन्सल्टन्सीवाले टाकतात, त्यामुळे पगार, एरिया आणि मजकूर सारखा दिसला की एकच ठेवा, नाहीतर आकडे उगाच फुगतात. रजिस्ट्रेशनचे पैसे मागणारी दिसली तर सरळ उडवा.

मग काऊंटइफ लावा (एखादा शब्द किती ओळींत आलाय ते मोजणारा शीटमधला फॉर्म्युला), शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी (*) टाकली की मजकुरात कुठेही असला तरी सापडतो. टॅली, ईआरपी ९, प्राइम ही सगळी टॅलीचीच नावं, एकातच धरा. 'गुड कम्युनिकेशन' मोजूच नका, ते सगळेच लिहितात.

खरी मजा पुढे आहे. जाहिरातीखालचे स्किलचे टॅग बऱ्याचदा एचआरने पटापट निवडलेले असतात, त्यावर जाऊ नका, कामाचं वर्णन वाचा. नुसतं 'जीएसटी' म्हणजे काय, बिलं एंटर करायची, का २बी (आपल्याला माल देणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) जुळवून रिटर्न भरायचं? दोन्हीत बराच फरक आहे, पगारातही दिसेल. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, तरी कुणी अजून व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्स मागत असेल (पेट्रोल, दारूचा धंदा सोडून) तर ती जुनी जाहिरात कॉपी-पेस्ट आहे, तिला कमी वजन द्या.

नंतर पगाराप्रमाणे सॉर्ट करा आणि वरच्या दहा जाहिरातींत असं काय आहे जे खालच्या दहात नाही ते बघा, मला तर नुसत्या मोजणीपेक्षा हेच जास्त कामाचं वाटतं. एरियापण बघा, भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे ई-वे बिल (माल पाठवताना काढायचं ऑनलाइन बिल), स्टॉक, परचेस असलं जास्त दिसेल, आणि बाहेरदेशच्या क्लायंटचं काम करणाऱ्यांकडे क्विकबुक्स (टॅलीसारखंच, तिकडचं सॉफ्टवेअर) आणि रात्रीची शिफ्ट.

एक मात्र आहे, छोटे व्यापारी आणि सीएची ऑफिसं ओळखीतूनच माणूस घेतात, ते इथे दिसणारच नाहीत. म्हणून यादीतले पहिले पाच स्किल ओळखीच्या एखाद्या अकाउंटंटला दाखवा आणि विचारा, यातलं रोज काय करता आणि महिन्यातून एकदा काय. फक्त ११ आणि २० तारखेच्या आसपास फोन करू नका, जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची गडबड असते, शिव्या खाल.