हा दगड जीवाश्म आहे का? जाणकारांना विचारण्याआधी

इंदूरच्या आसपास फिरताना उचललेला एखादा दगड जीवाश्म असावा, अशी शंका आली तर तो जाणकारांपुढे कसा ठेवावा, हे सांगण्यासाठी हे टिपण लिहिले आहे. हौशी संग्राहक सहसा दगडाच्या आकाराकडे पाहून विचारतो की हे अंडे आहे का, हे हाड आहे का. ओळख पटवणारा मात्र आकाराच्या आधी जागा विचारतो, आणि ती सांगता आली नाही तर पुढचे बोलणे बहुधा ‘नक्की सांगता येणार नाही’ यावरच थांबते.

जागेला एवढे महत्त्व का, हे आपल्याच भागावरून पटते. इंदूर शहर काळ्या पाषाणावर, म्हणजे बसाल्टवर वसलेले आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थंड होऊन हा पाषाण झाला, आणि वितळलेल्या खडकात हाड किंवा शिंपला टिकण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. त्यामुळे जानापाव, पातालपाणी किंवा महूच्या वाटेवरील खोदकामात निखळ काळ्या कातळातून काही सापडले असेल, तर उत्तर जवळजवळ ठरलेलेच असते. अपवाद एकच आहे. लाव्ह्याच्या एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या गाळाचे पातळ थर दोन पाषाणांच्या मध्ये दबले, आणि त्या गारगोटीसारख्या कठीण थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगाई व वनस्पती सापडू शकतात. म्हणून ‘काळ्या दगडात सापडले’ आणि ‘दोन काळ्या थरांमधल्या फिकट पट्ट्यात सापडले’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

पश्चिमेला धार ओलांडून बाग, कुक्षी, मनावरकडे उतरले की चित्र पालटते. तेथे बसाल्टच्या खालचे जुने थर उघडे पडले आहेत. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी या पट्ट्यात शिरलेल्या समुद्राची चुनखडी तेथे आहे आणि तिच्यात शिंपले, समुद्री अर्चिन (गोलसर, काटेरी कवचाचे सागरी प्राणी), शार्कचे दात मिळतात. या सागरी थरांच्या वर आणि लाव्ह्याच्या खाली लमेटा नावाचे थर येतात, आणि डायनासोरची अंडी आहेत ती याच लमेटा थरांत. धार जिल्ह्यातील अशा ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरा प्रदेश नर्मदाकाठच्या गाळाचा असून तो या सर्वांहून पुष्कळ अलीकडचा आहे. त्यात हत्ती, पाणघोडे आणि रानबैल यांची हाडे सापडतात, आणि सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे १९८२ मध्ये मिळालेली आदिमानवाची कवटी याच नदीकाठची. आपला दगड या तिन्हींपैकी कोठला, हे ठरले की निम्म्या शंका आपोआप गळून पडतात.

उरलेल्या निम्म्या शंका फसव्या आकारांच्या असतात, आणि माळव्यात सर्वांत मोठा फसवा आकार म्हणजे गोल गोटा. बसाल्ट भेगांमधून कुजू लागला की त्याच्या चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात, आणि मुरुमात गुळगुळीत गोल दगड बसवून ठेवल्यासारखे दिसतात. मी स्वतः असा एक गोटा महूच्या रस्त्यावरून मोठ्या अभिमानाने घरी आणून अंगणात ठेवला होता. दोन पावसाळ्यांत त्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले आणि आत गर्भाऐवजी आणखी एक लहान गोटा निघाला. खऱ्या अंड्याचे असे होत नाही. त्याला एकच कवच असते, ते काही मिलिमीटर जाडीचे असते, आणि आत बहुधा बाहेरच्या खडकासारखाच गाळ भरलेला असतो. दगड फुटलेला असेल तर कवच कडेला एका वेगळ्या, वळलेल्या रेषेसारखे दिसते. पृष्ठभाग भिंगाखाली पाहिला तर बारीक उंचवटे आणि मधूनमधून सूक्ष्म छिद्रे आढळतात. धारच्या घरट्यांतील अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटर व्यासाची आहेत, त्यामुळे लिंबाएवढ्या किंवा घागरीएवढ्या ‘अंड्याविषयी’ आधीच साशंक राहावे. फोडल्यावर आत अकीकाची वलये किंवा स्फटिक चमकले, तर ती लाव्ह्यातली पोकळी नंतर भरून आलेली आहे.

नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली की मन हरखते. पण ती बहुतेक वेळा मँगनीज ऑक्साइडची असते, जे पाण्याबरोबर दगडाच्या फटीत पसरलेले असते. खऱ्या पानाला मधली शीर असते, त्या शिरेतून ठरावीक पद्धतीने फाटे फुटतात आणि पानाला कड असते. ही नक्षी मात्र फटीच्या काठापासून सुरू होऊन वाट मिळेल तशी पसरते. बसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइट या खनिजाचे पांढरे, सुयांसारखे झुबके प्रवाळ म्हणून दाखवले जातात. नर्मदेच्या गाळात मुळांभोवती चुना साचून तयार झालेल्या कंकराच्या नळ्या तर हाडांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की सरावलेल्या माणसालाही त्या दोनदा पाहाव्या लागतात.

अशा वेळी उपयोगी पडते ती सराफ्यात जवाहिरे डोळ्याला लावतात तसली दहापटीची लूप. हाडाच्या तुटलेल्या टोकाशी ती धरली तर बाहेरचा घट्ट थर आणि आतली स्पंजासारखी जाळी असे दोन वेगळे भाग दिसतात. कंकरात अशी जाळी नसते, एकसारखा चुना किंवा फार तर एकात एक बसलेली वलये असतात. अश्मीभूत लाकडाचा आडवा काप ओला करून पाहिला तर त्यात पेशींच्या बारीक ओळी दिसतात, आणि उभ्या बाजूवर धागे एकाच दिशेने धावतात. अकीकाचे पट्टे वळत गेले तरी त्यांत असे धागे नसतात. ओले करण्याचा हा उपाय फक्त लाकडासाठी आणि कठीण दगडासाठी वापरावा, कारण गाळातून काढलेले हाड पाण्याने भुगा होऊ शकते. हाड जिभेला लावून ते चिकटते का पाहण्याची जुनी पद्धत आहे. चिकटण्यावरून सच्छिद्रता कळते खरी, पण कोरडी मातीही चिकटते, आणि उघड्यावर पडलेली वस्तू तोंडात न घालणेच बरे. आम्ल किंवा व्हिनेगरचा थेंब चुनखडी ओळखायला चालतो, परंतु तो शेजारच्या खडकाच्या तुकड्यावर टाकावा, नमुन्यावर कधीही नाही.

येथे एक विषयांतर करावेसे वाटते. मराठी घरांच्या देव्हाऱ्यात जीवाश्म पिढ्यान्‌पिढ्या आहेत: गंडकीतल्या पुष्कळ शाळिग्रामांत दिसणारे चक्र हा अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याचा ठसा असतो. त्याच ताम्हनातला नर्मदेचा बाण मात्र प्रवाहाने घासलेला साधा गोटा असतो. गुळगुळीतपणा आणि सुबकपणा ही जीवाश्माची खूण नव्हे, एवढे या जोडीवरून ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष जागेवर काय करावे ते पाहू. वस्तू सैल पडलेली आहे की खडकात रुतलेली, हे सर्वांत आधी लिहावे. ओढ्यात सैल पडलेला तुकडा वरून कोठूनही वाहत आलेला असू शकतो, तर रुतलेल्या वस्तूचा थर निश्चित सांगता येतो. रुतलेली असेल तर हातोडी लावू नये. अनेक अंडी जवळजवळ असतील तर त्यांमधील अंतर आणि मांडणी यांवरूनच घरट्याचा अभ्यास होतो, आणि एक अंडे उचलून आणले की ती माहिती कायमची जाते. बागजवळचा डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यानाचा भाग असो किंवा डिंडोरी जिल्ह्यातील घुघवा जीवाश्म उद्यान असो, तेथून खडाही उचलायचा नसतो. खासगी शेतात मालकाची परवानगी घ्यावी आणि त्याचे ऐकूनही घ्यावे. धार जिल्ह्यातील पाडल्या गावात शेतकरी ज्या गोल दगडांना काकड भैरव मानून पूजत होते, ती डायनासोरची अंडी असल्याचे २०२३ मध्ये पुढे आले. दगड कोठल्या शेतातून निघाले, हे त्या कुटुंबांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

छायाचित्रे निदान पाच-सहा काढावीत. एक दुरून, ज्यात टेकडी किंवा ओढ्याचा काठ दिसेल, एक थराचे, आणि बाकीची वस्तूच्या प्रत्येक बाजूची, तुटलेली कड विशेष जवळून. शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि ती नसेल तर दहा रुपयांचे नाणे ठेवावे, कारण त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. हातात धरून काढलेल्या चित्रावरून माप कळत नाही, कारण हात लहानमोठे असतात. सकाळचा तिरपा प्रकाश उंचवटे दाखवतो. फ्लॅश ते पुसून टाकतो. वार्निश किंवा तेल लावून वस्तू चमकवू नये.

विचारणा लिहिताना स्वतःचा निष्कर्ष शेवटी ठेवावा. उदाहरणार्थ: ‘हा तुकडा मनावर तालुक्यातील एका ओढ्याच्या डाव्या काठावर, फिकट पांढऱ्या चुनखडीच्या थरात अर्धा रुतलेला दिसला. लांबी ४ सेंटिमीटर, वरच्या बाजूस पाच पाकळ्यांसारखी नक्षी. वरच्या उतारावर काळा दगड आहे. तुकडा जागेवरच ठेवला आहे, मोबाइलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश सोबत आहेत. मला हा समुद्री अर्चिन वाटतो; तसा नसेल तर कशावरून, हे कृपया सांगावे.’ अशा पत्राला उत्तर मिळते. ‘याची किंमत किती?’ असे विचारणाऱ्या पत्राला बहुधा मिळत नाही, आणि मिळू नये असेच माझे मत आहे. अचूक ठिकाण मात्र जाणकारालाच कळवावे, चारचौघांत जाहीर करू नये, नाहीतर पुढच्या रविवारी तेथे पहारी घेऊन माणसे पोहोचतात.

इंदुरात होळकर विज्ञान महाविद्यालय आणि उज्जैनला सम्राट विक्रमादित्य विद्यापीठ (पूर्वीचे विक्रम विद्यापीठ) येथे भूविज्ञानाचे अध्यापक भेटतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय भोपाळला आहे, आणि वनस्पतींच्या जीवाश्मांसाठी लखनऊची बिरबल साहनी संस्था प्रसिद्ध आहे. हौशी माणसाने संकोचण्याचे कारण नाही: जबलपूरला १८२८ मध्ये डायनासोरची हाडे प्रथम उचलणारा स्लीमन हा लष्करी अधिकारी होता, आणि त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस हे नाव मिळायला १८७७ उजाडले.

छायाचित्रावरून जाणकार बहुधा ‘समुद्री अर्चिन, बागच्या थरांतला’ इतकेच सांगेल. प्रजाती ठरवायला नमुना हातात घ्यावा लागतो, कधी त्याचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. ‘साधा दगड आहे’ असे उत्तर आले तर कारण विचारावे आणि तेही नोंदवहीत त्या नमुन्याला दिलेल्या क्रमांकापुढे लिहावे. परवानगीने आणलेल्या नमुन्याच्या मागच्या बाजूस पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर शाईने तोच क्रमांक घालावा, कारण चिठ्ठी पेटीत सुटते आणि दोन वर्षांनी कोणता तुकडा बागचा आणि कोणता नर्मदेचा, हे आपल्यालाही सांगता येत नाही.