आजेसासूबाईंच्या झाडाची राब

आमच्या वाट्याला मोहाची सात झाडं आहेत. कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या गावात कोणतं झाड कोणत्या घरचं, हे लेकराबाळांनाही पाठ असतं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. आमची सातही आजेसासूबाईंकडून आली. मोह म्हटलं की बाहेरच्यांना दारूच आठवते. आमच्या घरी त्याची राब होते, मधासारखी घट्ट, आणि पावसाळाभर भाकरीसोबत पुरते.

फेब्रुवारी संपता संपता झाडाखालचा पाला खराट्याने झाडून घ्या. काडी लावू नका. आम्हीही एका वर्षी लावली होती. आग बांध ओलांडून गेली आणि मोहाची कोवळी रोपं जळाली. या झाडाला फुलायला दहाएक वर्षं लागतात, म्हणून ते अजून मनातून जात नाही. जमलं तर झाडाखाली हिरवी जाळी बांधा, फुलाला माती लागत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये फुलं पहाटेपासून टपटपतात. तरी अंधारात जाऊ नका, अस्वलालाही मोह आवडतो. उजाडल्यावर दोघींनी मिळून, मोठ्याने बोलत जा. ताजं फूल फिकट पिवळं, रसाने फुगलेलं, बोटात धरलं तरी चिकट लागतं. कालचं, आंबूस वासाचं फूल टोपलीत घेऊ नका.

सगळी मेहनत वाळवण्यात आहे. चटईवर पातळ पसरा, दिवसातून दोनदा हाताने फिरवा, संध्याकाळी घरात घ्या. चार-पाच दिवसांत फूल मनुक्यासारखं तांबूस होतं आणि पाच टोपल्यांची जेमतेम एक उरते. मूठभर घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर फुलं सुटी झाली पाहिजेत. एकदा ढगाळ दिवसांत घाई करून मी अर्धवट वाळलेली फुलं प्लास्टिकच्या पोत्यात भरली. पंधरा दिवसांनी आत बुरशी! पोतंभर मोह उकिरड्यावर गेला.

राबेसाठी एक किलो वाळली फुलं घ्या. हातावर चोळून आतले केसर पाखडून टाका, दोन पाण्यांनी धुवा आणि तीन लिटर पाण्यात तीन-चार तास भिजवा. रात्रभर ठेवू नका, आमच्या उन्हाळ्यात ती आंबतात. अर्धा तास उकळून सुती फडक्यातून घट्ट पिळा. तो रस पसरट पातेल्यात मंद आचेवर आटवत राहा, फेस काढत राहा. शेवटी पातेलं सोडून जाऊ नका, क्षणात करपतं. ताटलीवर टाकलेला थेंब पसरला नाही की उतरवा आणि गरम असतानाच कोरड्या काचेच्या बरणीत भरा.

जूनमध्ये टोळ, म्हणजे मोहाची फळं, पडले की तेलाच्या घाण्यावर नेण्याआधी त्यातल्या टपोऱ्या बिया काढून लगेच पेरा; वाळलेलं बी उगवत नाही. जळलेल्या जागेवरची माझी चार रोपं आता गुडघ्याएवढी झाली आहेत.