रेंजफाइंडरच्या दोन प्रतिमा जुळेनात तेव्हा

जुना सोव्हिएत बनावटीचा रेंजफाइंडर कॅमेरा (खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणून यात फोकस साधतात), लेन्स बसवायला 39 मिमी आट्यांचा माउंट, 50 मिमी एफ/2 लेन्स. शटर ठणठणीत, पण लेन्स अनंतावर (सर्वांत दूरच्या फोकसवर) टेकवली तरी दूरच्या मनोऱ्याच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसेनात. एक बाजूला सरकलेली, शिवाय किंचित खाली.

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी खोटं कोण बोलतंय ते पाहिलं, लेन्स की रेंजफाइंडर? पाठ काढली, केबल रिलीज (शटरचं बटण दाबून धरणारी तार) लावून शटर 'बी'वर, म्हणजे बटण दाबलेलं असेपर्यंत, उघडं ठेवलं, अॅपर्चर पूर्ण उघडलं. फिल्म टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर दुधी काच धरली, खरखरीत बाजू लेन्सकडे. (बाहेरच्या पट्ट्या फिल्म सपाट ठेवणाऱ्या दाबपट्टीसाठी असतात, तिथे काच टेकवली तर तपासणी फुकट.) भिंगातून पाहिलं तर मनोरा लख्ख. लेन्स निर्दोष, म्हणजे दोष रेंजफाइंडरचा.

मग आधी उभा फरक काढला. रेंजफाइंडरच्या पुढच्या छोट्या खिडकीची कडा हलकेच फिरवली की प्रतिमा वर-खाली होते, पण आडवीही थोडी सरकते. म्हणून आडवी जुळवणी नंतरच. त्यासाठी दोन खिडक्यांमधला झाकणस्क्रू काढून आतला स्क्रू केसभर फिरवला आणि मनोरा एक झाला.

खरी परीक्षा 1 मीटरवर. अंतर फिल्मच्या पातळीपासून टेपनं मोजलं, कारण एफ/2ला तिथे स्पष्टतेची खोली (जेवढ्या अंतरात चित्र स्पष्ट येतं तो पट्टा) जेमतेम 5 सेंमी मिळते. तिथेही जुळलं. जुळलं नसतं तर लेन्सची हालचाल रेंजफाइंडरला पोचवणारा लेन्समागचा हात छेडावा लागला असता, आणि ते काम मी सरळ कारागिराकडे दिलं असतं.