यूएसबी टोकन काढून लावलं की व्हीएममध्ये आपोआप जोडायचं असेल तर

केव्हीएमवरच्या (लिनक्समधली आभासी संगणक चालवणारी सोय) विंडोज व्हीएमला (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणकाला) डिजिटल सिग्नेचरचं टोकन दिलेलं असतं. कुणीतरी ते उपसून परत लावतं आणि व्हीएमला ते दिसेनासं होतं. दरवेळी सर्व्हरवर लॉगिन करण्यापेक्षा हे एकदाच करून ठेवा:

१. सर्व्हरवर 'एलएसयूएसबी' (lsusb, जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) चालवून टोकनचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी घ्या (कोलनच्या अलीकडचे चार अंक-अक्षरं आणि पलीकडची चार).

२. ते दोन्ही आयडी टाकून होस्टडेव्हची (hostdev, सर्व्हरचं उपकरण व्हीएमला देण्याची नोंद) छोटी एक्सएमएल फाइल बनवा.

३. दोन ओळींची स्क्रिप्ट लिहा: आधी 'व्हर्श डिटॅच-डिव्हाइस' (virsh detach-device, व्हीएमपासून उपकरण सोडवणारी कमांड), मग 'अटॅच-डिव्हाइस' (attach-device, परत जोडणारी), दोन्हींना 'लाइव्ह' (--live) पर्याय. डिटॅच गाळू नका. टोकन उपसलं तरी लिबव्हर्टकडे (व्हर्शच्या मागे व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) जुनी नोंद तशीच राहते, खरी गोची तिथेच होते. पहिल्यांदा डिटॅच एरर देईल, देऊ दे.

४. यूडेव्हमध्ये (udev, उपकरण लावल्या-काढल्याची दखल घेणारी लिनक्सची सेवा) 'ॲड' (add, उपकरण लावल्याच्या) घटनेसाठी, त्याच आयडींवर, ही स्क्रिप्ट चालवणारा नियम टाका आणि नियम रीलोड करा.

एकाच मॉडेलची दोन टोकन लावलेली असतील तर आयडीही सारखेच येतात आणि लिबव्हर्ट जोडायलाच नकार देतं. तिथे बस आणि डिव्हाइस क्रमांक द्यावा लागतो. डिव्हाइस क्रमांक दरवेळी बदलतो, म्हणून स्क्रिप्टने तो यूडेव्हकडूनच घ्यावा.