व्हिएन्नात ऑपेरा आणि शहरदर्शन: आधी रात्रीचे प्रयोग ठरवा, मग दिवस

व्हिएन्नाची सहल आखताना बहुतेक लोक आधी राजवाडे आणि संग्रहालयं मांडतात आणि उरलेल्या जागेत एक ऑपेरा कोंबतात. मग दिवसभर चालून पाय दुखलेले, पोटात काही नाही, आणि तिसऱ्या अंकात डुलक्या. क्रम उलटा हवा. आधी रात्रीचे प्रयोग पक्के करायचे आणि प्रत्येक दिवस त्या रात्रीला झेपेल एवढाच भरायचा.

असं आखणं व्हिएन्नात जमतं, कारण इथलं सरकारी ऑपेरागृह, म्हणजे श्टाट्सऑपर, जवळजवळ रोज वेगळी कलाकृती सादर करतं. काल पुचिनी, आज मोत्सार्ट, उद्या बॅले. अनेक शहरांत एकच ऑपेरा दिवसाआड चालतो, त्यामुळे चार दिवसांच्या मुक्कामात एकच पाहून होतो. इथे तेवढ्याच दिवसांत दोन किंवा तीन निरनिराळे पाहता येतात. शिवाय इथे रंगमंचासमोरच्या खड्ड्यात वाजवणाऱ्या वाद्यवृंदातूनच व्हिएन्ना फिलहार्मोनिक या नामांकित वाद्यवृंदाचे वादक निवडले जातात. फिलहार्मोनिकच्या मैफलींची तिकिटं मिळणं महाकठीण. त्याच मंडळींना ऑपेरात ऐकणं खूपच सोपं आणि स्वस्त.

तारखा

हंगाम सप्टेंबर ते जून असतो. जुलै-ऑगस्टमध्ये श्टाट्सऑपर बंद. त्या काळात शहरात ‘ऑपेरा’ म्हणून जे विकलं जातं ते बहुतांश पर्यटकांसाठी जुळवलेले गाण्यांचे कार्यक्रम असतात. २४ डिसेंबरला प्रयोग नसतो. अ‍ॅश वेन्सडेच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो त्या बुधवारच्या, आधीच्या गुरुवारी ऑपेरा बॉल हा मोठा नृत्यसमारंभ भरतो. त्यासाठी प्रेक्षागृहातल्या खुर्च्या काढून नाचाची जमीन घालतात, त्यामुळे त्या आठवड्यात बॉलच्या आधीचे-नंतरचे काही दिवस नेहमीचे प्रयोग होत नाहीत. फेब्रुवारीचं विमान घेण्याआधी ही तारीख बघाच. ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला योहान श्ट्राउसचा ‘डी फ्लेडरमाउस’ ठरलेला असतो आणि तिकिटं नेहमीपेक्षा बरीच महाग असतात.

कोणता ऑपेरा

नाव ऐकलेलं आहे म्हणून तिकीट घेऊ नका. आधी लांबी पाहा. पुचिनीचा ‘ला बोहेम’ मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास, ‘तोस्का’ पावणेतीन. रिचर्ड श्ट्राउसचा ‘सालोमे’ पावणेदोन तासांचा, पण मध्यंतरच नाही, त्यामुळे मधूनच उठण्याची सोय नाही. त्याच श्ट्राउसचा ‘रोझेनकाव्हालिअर’ चार तास घेतो. वाग्नरचा ‘डी वालक्यूरे’ पाचच्या घरात जातो आणि संध्याकाळी पाच-साडेपाचलाच सुरू होतो, म्हणजे त्या दिवशी दुपारनंतर दुसरं काही ठेवता येत नाही. पहिल्यांदाच ऑपेरा पाहणाऱ्याने पुचिनी किंवा मोत्सार्टपासून सुरुवात करावी. ‘तोस्का’ची इथली मांडणी मार्गारेटे वालमान यांनी १९५८ साली बसवली आणि ती अजून चालू आहे. रंगवलेले पडदे, चर्च, किल्ला, सगळं कथेत सांगितलंय तसंच दिसतं. नव्या मांडण्यांत तसं असेलच असं नाही. राजा सूट घालून कार्यालयात बसलेला दिसला तर गोंधळायचं कारण नाही.

कार्यक्रमपत्रिकेत तारखेसमोर ‘बॅले’ लिहिलंय का तेही तपासा. घाईत बॅलेचं तिकीट घेऊन गायकांची वाट पाहणारे दर हंगामात सापडतात.

कथानक आधी वाचून जा, अंकागणिक. प्रत्येक आसनापुढे छोटा पडदा असतो आणि त्यावर जर्मन, इंग्रजीसह अनेक भाषांत संवाद उमटतात. भाषा आपण निवडायची. पण सतत खाली वाचत राहिलं तर रंगमंच सुटतो. कथा माहीत असली की पडद्याकडे अधूनमधून नजर टाकणं पुरतं.

तिकीट आणि आसन

तिकीट घेण्याची जागा म्हणजे ऑपेरागृहाचं स्वतःचं संकेतस्थळ किंवा तिकीट खिडकी. प्रत्येक प्रयोगाची विक्री कधी सुरू होते ते तिथेच लिहिलेलं असतं. ऑपेराच्या आसपास आणि सेंट स्टीफन कॅथीड्रलसमोर मोत्सार्टसारखा पांढरा टोप आणि लाल झगा घालून उभे असणारे विक्रेते श्टाट्सऑपरचे नसतात. ते दुसऱ्याच सभागृहातल्या पर्यटक-मैफली विकतात. त्या फसव्या असतात असं नाही, पण ‘ऑपेरा’ या शब्दावर भरवसा ठेवून घेतलं तर मिळते चार गाणी आणि दोन वॉल्ट्झ.

आसन निवडताना किमतीपेक्षा रंगमंच किती दिसतो ते पाहा. सर्वांत मोठी चूक बाजूच्या लोजमध्ये, म्हणजे कक्षात होते. लोजमध्ये खुर्च्यांच्या ओळी एकामागे एक असतात. पहिल्या ओळीतून उत्तम दिसतं. दुसऱ्या ओळीत मान वाकवावी लागते आणि तिसऱ्या ओळीतून, रंगमंचाजवळच्या लोजमध्ये तर, जवळपास काहीच दिसत नाही. तिकिटावर ‘झिश्टबेहिंडर्ट’ (sichtbehindert) अशा अर्थाची नोंद असेल तर दृश्य अडलेलं आहे असं समजा. तेवढ्याच पैशात सर्वांत वरच्या गॅलरीतलं मधलं आसन घ्या. रंगमंच लांब पडतो, पण पूर्ण दिसतो, आणि आवाज वर फार सुंदर पोचतो. सोबत चार-पाच पटींची छोटी दुर्बीण असली की झालं.

उभ्याने पाहायचं असेल तर

श्टेप्लाट्झ, म्हणजे उभं राहण्याची जागा, हा व्हिएन्नाचा खरा खजिना. किंमत साधारण दहा ते वीस युरो. तिकिटं प्रयोगाच्याच दिवशी मिळतात: सकाळी दहापासून ऑनलाइन, आणि उरलेली प्रयोगाच्या ८० मिनिटं आधी खिडकीवर. नामवंत गायक असतील तर ऑनलाइन तिकिटं पटकन संपतात. तशा दिवशी सकाळी दहाला फोन हातात हवा, संग्रहालयाच्या रांगेत नव्हे.

तीन ठिकाणं असतात: खाली पार्टेर, वर बाल्कनी आणि त्याहून वर गॅलरी. पार्टेरची जागा मधल्या मोठ्या लोजच्या बरोबर खाली, रंगमंचासमोर. शेकडो युरोंच्या खुर्च्या तिच्या शेजारीच. पार्टेर मिळालं तर तेच घ्या. आत शिरल्यावर कठड्याला स्कार्फ किंवा रुमाल बांधून जागा धरायची जुनी रीत आहे. लोक ती पाळतात, तेव्हा दुसऱ्याचा स्कार्फ सरकवू नका. स्वतःजवळही एक ठेवा, कोट बांधलेला चालत नाही. कठड्याला टेकता येईल अशी पुढची ओळ मिळाली तर तीन तास सोसतात. मागे टेकायला काही नसेल तर दुसऱ्या अंकापासून कंबर बोलू लागते. म्हणून उभ्याने लहान ऑपेरा पाहा, वाग्नर बसूनच.

तिकीटच मिळालं नाही तर एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबरमध्ये काही प्रयोग इमारतीच्या बाजूला हर्बर्ट-फॉन-कारायान चौकात मोठ्या पडद्यावर थेट दाखवतात. फुकट. खुर्च्या मोजक्याच, थंडी मात्र भरपूर, अगदी मे महिन्यातही.

दिवसाची जोड

शहरदर्शन रात्रीच्या कलाकृतीशी जोडलं की दोन्ही जास्त भिडतात. रात्री ‘फिगारो’ असेल तर सकाळी डोमगासे ५ मधलं मोत्सार्टहाउस पाहा. १७८४ ते १७८७ मोत्सार्ट तिथे राहत होता आणि ‘फिगारो’ तिथेच लिहिला. ‘मॅजिक फ्लूट’ असेल तर टेआटर आन देअर वीन या नाट्यगृहाच्या बाजूचं, त्यातल्या पापागेनो या पात्राच्या नावाचं दार बघायला जा. याच नाट्यगृहात १८०५ साली बीथोव्हनच्या ‘फिडेलिओ’चा पहिला प्रयोग झाला. ‘रोझेनकाव्हालिअर’ मारिया थेरेसाच्या काळातल्या व्हिएन्नात घडतो, तेव्हा त्याच्या आदल्या दिवशी श्योनब्रुन राजवाडा पाहून ठेवा. त्याच दिवशी नको: राजवाडा आणि बाग मिळून अर्धा दिवस सहज जातो आणि रात्री चार तास उरतात. वाड्याच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते, बाग मोफत. बीथोव्हन, शूबर्ट आणि ब्राम्स यांच्या कबरी शेजारी-शेजारी पाहायच्या असतील तर ७१ नंबरच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीच्या दुसऱ्या फाटकाशी उतरा आणि ३२ए हा गट विचारा. मोत्सार्टचं तिथे फक्त स्मारक आहे. त्याला पुरलं ते सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत.

ऑपेरागृहाची मार्गदर्शित फेरी साधारण ४० मिनिटांची. ती प्रयोगाच्या आधी करा, नंतर नव्हे. रात्री जिन्यावर गर्दी असते आणि काय जुनं, काय नवं ते कळत नाही. इमारत १८६९ साली मोत्सार्टच्या ‘डॉन जिओव्हान्नी’ने उघडली. १२ मार्च १९४५ च्या बॉम्बफेकीत प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले. दर्शनी भाग, मोठा जिना आणि वरचं फॉयेर, म्हणजे मध्यंतरात फिरायचं दालन, असे भाग वाचले. ५ नोव्हेंबर १९५५ ला ‘फिडेलिओ’ने पुन्हा सुरुवात झाली. म्हणूनच बाहेर एकोणिसावं शतक आणि आत १९५० च्या दशकातलं साधं, सरळ सभागृह असा जोड दिसतो. फेरीच्या वेळा तालमींप्रमाणे बदलतात, त्यामुळे ‘उद्या बघू’ म्हणणाऱ्याचं बरेचदा हुकतं. पहिल्याच सकाळी चौकशी करून वेळ पक्की करा.

शहराची पायी फेरी घ्यायची तर दोन तासांची पुरे. ऑपेरा, आल्बर्टिना कलासंग्रहालय, हॉफबुर्ग राजवाडा, ग्राबेन रस्ता, सेंट स्टीफन असा मार्ग सलग पायाखालचा आहे. ऑस्ट्रियात मार्गदर्शकाचा व्यवसाय परवान्याचा आहे. लाल-पांढरा-लाल बिल्ला आहे का बघा. संगीताचा विषय मागितला तर बहुतेक जण मार्ग त्याप्रमाणे वळवतात. फेरी सकाळी दहाची घ्या, दुपारी तीनची नको. दगडी फरसबंदीवर दुपारभर चालून संध्याकाळी उभं राहणं म्हणजे हौसेला शिक्षा.

संग्रहालय दिवसाला एकच. कुन्स्टहिस्टोरिशेस हे कलेच्या इतिहासाचं संग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, म्हणून ऑपेरा नसलेली संध्याकाळ गुरुवारी आली तर उत्तम. सोमवारी मात्र वर्षातले बरेच महिने ते बंद असतं, आणि चित्रकार क्लिम्टची बीथोव्हन फ्रीझ, म्हणजे भिंतीवरचं लांब चित्र, असलेली सेसेशनची इमारतही सोमवारी बंद. हाउस देअर म्यूझिक हे संगीताचं संग्रहालय रात्री दहापर्यंत चालू. दिवसाला एक ठिकाण पाहणाऱ्याला सर्वसमावेशक पास सहसा परवडत नाही. आकडेमोड करूनच घ्या.

प्रयोगाची संध्याकाळ

प्रयोग साताला असेल तर चारपर्यंत खोलीवर परत या. पाऊण तास आडवे व्हा, कपडे बदला, साडेपाचच्या आसपास जेवा. मध्यंतरात खायचं म्हटलं तर फराळाच्या टेबलाशी रांग आणि प्रसाधनगृहाशी त्याहून मोठी रांग, वीस मिनिटं कधी संपतात ते कळत नाही. प्रयोगानंतर बऱ्याच उपाहारगृहांचं स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. आल्बर्टिनासमोरचा सॉसेजचा ठेला उशिरापर्यंत चालतो, पण शाकाहारी माणसाला तिथे पावापलीकडे फारसं काही नाही. रविवारी दुकानं आणि नाशमार्क्ट हा खाद्यपदार्थांचा बाजार बंद असतो, तेव्हा शनिवारीच थोडं खाणं खोलीवर आणून ठेवा.

उशिरा पोचलात तर मध्यंतरापर्यंत आत सोडत नाहीत. फॉयेरमधल्या पडद्यावर बघत बसावं लागतं. अर्धा तास आधी पोचा. कोट आणि मोठी पिशवी गार्डेरोबमध्ये द्यावीच लागते. सूट-टाय सक्तीचा नाही, साडी उत्तम चालते. अर्धी चड्डी आणि रबरी चपला चालत नाहीत.

मायक्रोफोन नसतो, म्हणून शेजारच्याची कुजबुज आणि चॉकलेटचा कागदही ऐकू येतो. मोठ्या गाण्यानंतर टाळ्या वाजवल्या तर चालतं, पण वाद्यं पूर्ण थांबेपर्यंत हात थांबवा. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला ‘वन्स मोअर’ ओठांवर येईल, पण इथे ते फारच क्वचित मिळतं.

परतीची चिंता नको. ऑपेराखालीच कार्ल्सप्लाट्झ स्थानक आहे, तिथून यू१, यू२ आणि यू४ या मेट्रो सुटतात. आठवड्याच्या दिवसांत साधारण साडेबारापर्यंत गाड्या असतात, शुक्रवार-शनिवारी रात्रभर. म्हणूनच राहायचं ते पहिल्या जिल्ह्यात, म्हणजे शहराच्या मध्यभागीच, असं नाही. यू१ किंवा यू४ वर दोन-तीन थांब्यांवरचं हॉटेल बरंच स्वस्त पडतं. कागदी तिकीट असेल तर फलाटावर जाण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या. न मारलेलं तिकीट तपासनीसाच्या लेखी तिकीटच नाही.

चार दिवस असे मांडता येतील

गुरुवारी दुपारी पोचून संध्याकाळी संग्रहालय, ऑपेरा नाही. प्रवासाच्या शिणात तिकीट वाया जातं. शुक्रवारी सकाळी पायी फेरी आणि ऑपेरागृहाची फेरी, रात्री पहिला प्रयोग, बसून. शनिवारी सकाळी श्योनब्रुन किंवा बेल्वेडेअर राजवाडा, दुपारी पूर्ण विश्रांती, रात्री छोटा प्रयोग, वाटल्यास उभ्याने. रविवारी सकाळी सव्वानऊला हॉफबुर्गच्या चॅपलमध्ये व्हिएन्ना बॉईज क्वायरच्या गायनासह प्रार्थना असते, सप्टेंबर ते जून. बसायला तिकीट लागतं, उभ्याने जागा मोफत, पण गायक वरच्या सज्ज्यात असल्याने बहुतेक वेळ ते दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात.