सेकंडहँड मर्सिडीज घरी आली. साफसफाई कुठून सुरू करावी?

विक्रेत्याच्या आवारातून बाहेर पडणारी सेकंडहँड आलिशान गाडी चकचकीत असते, पण ती स्वच्छ असतेच असे नाही. रंगावरचे बारीक ओरखडे झाकण्यासाठी तेलकट ग्लेझ, डॅशबोर्डवर सिलिकॉनचे पॉलिश, टायरला काळा रंग आणि वासासाठी एसीच्या झडपेला अडकवलेली उग्र सुगंधाची बाटली, एवढ्यावर गाडीचे रूप तात्पुरते पालटते. म्हणून अशा गाडीची पहिली सफाई ही निम्मी तपासणीच असते. आधी विक्रेत्याने चढवलेले सगळे उतरवावे, मग गाडीत कुठे ओल आहे ते शोधावे, त्यानंतर आतला भाग आणि शेवटी बाहेरचा रंग हाती घ्यावा. बहुतेक जण नेमके उलट करतात. गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी सिरॅमिक कोटिंगवर, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थरावर, मोठी रक्कम खर्च होते आणि गालिच्याखालचे पाणी पावसाळ्यानंतर दुर्गंधी सुटल्यावर लक्षात येते.

उदाहरणासाठी येथे मर्सिडीजची ई-क्लास घेतली आहे, कारण पुण्याजवळ चाकणला जुळणी होणारी ही गाडी वापरलेल्या आलिशान गाड्यांच्या बाजारात सहज सापडते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम ठेवली, त्यानंतर तिकडच्या अनेक डिझेल गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीवर बहुधा कोरड्या फडक्याने धूळ पुसल्याचे वर्तुळाकार ओरखडे असतात, तर मुंबईतून आलेल्या गाडीत पाण्याची शंका आधी घ्यावी.

ती शंका फेडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सीट बेल्ट. सगळे बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढावेत. रोजच्या वापरात न येणाऱ्या, रिळाजवळच्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची आडवी रेषा, बारीक गाळ किंवा बुरशीचे ठिपके दिसले तर गाडीत पाणी शिरले होते असे समजावे, कारण गाडी सजवणारे सीट धुतात, गालिचे धुतात, पण बेल्टचा हा भाग बहुधा विसरतात. बेल्ट केवळ मळलेला असेल तर तो बाहेर ओढून चिमट्याने अडकवावा, सौम्य साबणाच्या पाण्याने विणीच्या दिशेने घासावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय आत जाऊ देऊ नये. ब्लीच मुळीच वापरू नये, त्याने धागा कमकुवत होतो.

यानंतर फ्लोअर मॅट काढून गालिचा तपासावा. आलिशान गाड्यांच्या गालिच्याखाली आवाज रोखण्यासाठी जाड फोम असतो. वरचे कापड हाताला कोरडे लागले तरी हा फोम कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. टिपकागद ठेवून त्यावर टाच रोवून काही क्षण उभे राहावे. कागद ओलसर झाला तर गालिचा उचलून वाळवल्याशिवाय पुढचे काम करू नये. वायरिंग आणि कंट्रोल युनिटही याच भागात असतात, त्यामुळे येथली ओल केवळ वासापुरती राहत नाही. मात्र सीट काढायची असेल तर ते काम वर्कशॉपमध्येच करून घ्यावे, कारण सीटखालची पिवळी जोडणी एअरबॅगची असते आणि ती चुकीच्या वेळी सुटली तर मीटरवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

पाणी बाहेरून येत असेल तर पहिला संशयित सनरूफ. पॅनोरमिक छताच्या चौकटीत पाणी साचू नये म्हणून कोपऱ्यांत नळ्या दिलेल्या असतात, त्यांतल्या पुढच्या दोन विंडशील्डच्या बाजूच्या खांबांतून खाली उतरतात. धूळ आणि पालापाचोळा यांनी त्या तुंबल्या की पाणी छताच्या कापडात उतरते. छत उघडून कोपऱ्यात अर्धा पेला पाणी हळूहळू ओतावे आणि ते दरवाजाच्या बिजागरीजवळून किंवा चाकामागून बाहेर येते का ते पाहावे. पाणी थांबून राहिले तर जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, हलक्या हाताने आत सारून वाट मोकळी करावी. गॅरेजातली मुले उत्साहाने कॉम्प्रेसरची हवा मारायला निघतात, त्यांना थांबवावे. दाबाने नळी आतल्या आत निसटली तर पाणी थेट केबिनमध्ये येते आणि मग संपूर्ण छत उतरवावे लागते. विंडशील्डच्या खाली, वायपरच्या पट्टीखाली जमलेली पानेही हाताने काढावीत. तिथल्या जाळीत मोहोर आणि पिंपळाची पाने कुजून खतासारखी झालेली असतात.

आतली सफाई कोरड्या कामापासून सुरू करावी. सीट पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे नेऊन रुळांमधला कचरा व्हॅक्यूमने ओढून घ्यावा, एसीच्या झडपांतली धूळ रंगकामाच्या मऊ ब्रशने झटकत व्हॅक्यूमचे तोंड जवळ धरावे. आतली हवा गाळणारा केबिन फिल्टर जुना दिसो वा नवा, तो बदलावा. नव्या फिल्टरची किंमत किरकोळ असते आणि आधीच्या मालकाने तो कधी बदलला याची खात्री नसते. फिल्टर बदलूनही एसी सुरू करताच कुबट वास आला तर कुलिंग कॉइल साफ करून घ्यावी. वासाची परीक्षा सुगंधाची बाटली काढून टाकल्यावर, रात्रभर बंद राहिलेल्या गाडीचे दार सकाळी उघडतानाच करावी.

चामड्याबाबत गैरसमज फार आहेत. आजच्या गाड्यांच्या बहुतेक सीटवरचे चामडे रंगवलेले असते आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ संरक्षक थर असतो. शिवाय सगळेच चामडे खरे नसते. मर्सिडीजमध्ये ‘आर्टिको’ आणि बीएमडब्ल्यूमध्ये ‘सेन्साटेक’ नावाचे कृत्रिम आवरण येते आणि खऱ्या चामड्याच्या सीटलाही मागची बाजू बहुधा कृत्रिमच असते. त्यामुळे महागडे कंडिशनर चोळून चामडे ‘तेल पिते’ ही कल्पना सोडून द्यावी. येथे महत्त्वाची आहे ती सफाई. चालकाच्या सीटची दाराकडची उजवी कड, स्टिअरिंगचा वरचा भाग आणि दाराचा हातटेका यांवर दिसणारी चमक ही चामड्याची नसून घाम, तेल आणि मळ यांची असते. स्वच्छ चामडे मंद, जवळजवळ निस्तेज दिसते. लेदर क्लीनरचा फेस सीटवर न ओतता मऊ ब्रशवर घ्यावा, एका वेळी तळहाताएवढा भाग हलक्या हाताने घासावा आणि फेस वाळण्याआधी ओलसर मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्यावा. कापडावर तपकिरी रंग उतरताना पाहून रंग निघतो आहे असे वाटते, पण बहुधा तो मळच असतो. तरी आधी सीटच्या आडोशाच्या जागी करून पाहिलेले बरे. भोके असलेल्या, हवा खेळणाऱ्या सीटवर द्रव मुरू देऊ नये, कारण खाली पंखे असतात. आपल्याकडे फिकट पिवळसर सीटची आवड असल्यामुळे जीन्सचा निळा डाग हमखास आढळतो. त्यावर थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरल्यास डागासोबत संरक्षक थरही जातो. क्लीनरने दोनतीनदा प्रयत्न करावा आणि उरलेला फिकट डाग राहू द्यावा.

छताच्या कापडाला पाणी जितके कमी लागेल तितके चांगले. ते फोमवर चिकटवलेले असते आणि ओलाव्याने गोंद सुटला की कापड लोंबू लागते. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर कोरडे कापड फिरवू नये, आधी ते ओलसर करावे. लाकडी पट्टी उघड्या रेषांची, म्हणजे लाकडाचा पोत हाताला लागणारी असेल, तर तिला मेण किंवा पॉलिश लावू नये. डॅशबोर्डवरचे सिलिकॉन पाण्यात सौम्य केलेल्या इंटिरिअर क्लीनरने दोनदा पुसून काढावे. दुपारच्या उन्हात विंडशील्डमध्ये पडणारे त्याचे प्रतिबिंब गाडी चालवताना डोळ्यांना खरोखर त्रास देते. आधीच्या मालकाचा फास्टॅग आणि जुने स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून प्लास्टिकच्या कार्डाने उचलावेत. मागच्या काचेवर मात्र ब्लेड नको, तिथल्या बारीक रेषा काचेवरचे धुके घालवणाऱ्या डिफॉगरच्या आहेत. स्क्रीन पुसत असतानाच तिच्यात जोडलेले जुने फोन आणि साठवलेले पत्ते पुसून टाकावेत.

बॉनेटखाली प्रेशर वॉशर नको. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत इन्सुलेशनवर उंदरांच्या लेंड्या सापडतात, त्या हातमोजे व मास्क घालून, जंतुनाशकाने ओल्या करून उचलाव्यात. बाकी धूळ ब्रश आणि ओलसर कापडाने निघते.

आता बाहेरचा रंग. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड असताना धुवावी. चाके आधी धुवावीत, कारण युरोपीय गाड्यांचे ब्रेक पॅड भरपूर काळी भुकटी सोडतात. आयर्न रिमूव्हर फवारल्यावर तो लोखंडाच्या कणांशी संयोग पावून जांभळा होतो आणि ओघळू लागतो. तो वाळू न देता धुवावा. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खळबळण्याची, म्हणजे गाडीवरून निघालेली वाळू पुन्हा गाडीवर जात नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात. ताजे डाग समप्रमाणात पाणी मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, खोल गेलेले मात्र पॉलिशशिवाय जात नाहीत.

धुतल्यानंतर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग पाणी यांच्या मिश्रणाने एकेक पॅनेल पुसावे. ग्लेझ उतरून रंगाची खरी अवस्था दिसते आणि पुष्कळदा ती पाहून मन खट्टू होते, पण खर्चाचा निर्णय याच दृश्यावर घ्यायचा असतो. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून रंगावरून बोटे फिरवावीत. खरखर जाणवली तर भरपूर वंगण मारून क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, फिरवावा. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला तर तो फेकून द्यावा, धुऊन वापरू नये.

पॉलिश करण्याआधी रंगाची जाडी मोजून घ्यावी. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 35 ते 50 मायक्रॉनच्या आसपास. हाच थर घासून ओरखडे काढले जातात, म्हणजे प्रत्येक कडक बफिंगने तो कायमचा पातळ होतो. आकडा 200 च्या बराच वर गेला तर पॅनेल पुन्हा रंगवलेले आहे आणि पाचशेच्या पुढे गेला तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असण्याची शक्यता मोठी. ई-क्लासचे बॉनेट अॅल्युमिनियमचे असते, म्हणून तिथे चुंबक चिकटवून लांबी ओळखण्याची गॅरेजची युक्ती चालत नाही आणि जाडी मोजणारा मापकही अॅल्युमिनियमवर चालणाराच हवा. सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड घेऊन दीड-दोन फुटांच्या चौकोनात प्रयोग करावा, त्याने भागले तर पुढे जाऊ नये. नखाला अडकणारा ओरखडा पूर्ण घालवण्याच्या नादात थर संपतो आणि मग रंगकामच करावे लागते.

कोटिंग किंवा मेण सर्वांत शेवटी. पॅनेल नुकतेच रंगवलेले असेल तर रंग पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे महिना-दोन महिने, कोटिंग लावू नये. कोटिंगनंतर साधारण आठवडाभर गाडी धुवायची नसते, त्यामुळे बंदिस्त पार्किंग नसलेल्यांनी पावसाळ्यात साधे मेण लावून काम भागवावे आणि कोटिंग दसरा-दिवाळीपर्यंत थांबवावे. गाडीची पूजा त्याआधीच उरकून घ्यावी. कुंकवाचा रंग पांढऱ्या गाडीवर ओला राहिल्यास डाग धरतो आणि हाराच्या तारेने बॉनेटवर रेघ उमटते, म्हणून स्वस्तिक काचेवर काढावे, हार सुतात ओवलेला घ्यावा आणि नारळाचे पाणी बंपरवर उडाले असल्यास त्याच दिवशी धुऊन टाकावे. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या माणसालाही आपल्या गाडीसाठी वेगळी मायक्रोफायबर कापडे द्यावीत आणि कोरडी धूळ पुसू नये असे स्पष्ट सांगावे, नाहीतर दिल्लीच्या फडक्याचे ओरखडे घालवून पुण्याच्या फडक्याचे उमटतील.